नागपूरचे विधानभवन व कापसाचे राज्य

दरवर्षी डिसेंबर महिन्यात, कापसाचा दुसरा-तिसरा वेचा चालू असतो, तूर शेंगांवर आलेली असते, आणि संत्र्याच्या आंबिया बहराच्या अखेरच्या गाड्या बाजाराच्या वाटेवर असतात. नेमक्या त्याच दिवसांत नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात मोठी वर्दळ सुरू होते. मंत्री, आमदार, सचिव व त्यांची दप्तरे मुंबईहून येतात. रस्त्यांवर लाकडी कठडे उभे राहतात व निरनिराळ्या लोकांचे मोर्चे त्या कठड्यांपर्यंत येऊन थांबतात. थोड्या दिवसांनी दप्तरे परत जातात व विधानभवन पुन्हा शांत होते. आपल्यापैकी कित्येक शेतकरी बंधू कधी ना कधी त्या कठड्यांपर्यंत गेलेले असतील. परंतु ज्या इमारतीकडे आपण दाद मागावयास जातो ती तेथे का उभी आहे, तिच्यामागे कोणते राज्य होते व त्या राज्याचा डोलारा कोणत्या पिकावर तोलला होता, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. तो विचार आपल्या हिताचा आहे. यास्तव ह्या लेखात त्या इतिहासाची थोडक्यात ओळख करून देण्याचे योजिले आहे.

गोंड व भोसले यांचे नागपूर

नागपूर हे शहर फार पुरातन नव्हे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याने अठराव्या शतकाच्या आरंभी नाग नदीच्या काठची बारा लहान गावे एकत्र करून ते वसविले. त्याचा पुत्र चांद सुलतान याने देवगड सोडून येथेच राजधानी केली, गावास कोट घातला व जुम्मा तलाव बांधविला. हाच तलाव पुढे शुक्रवारी तलाव व नंतर गांधीसागर या नावांनी ओळखला जाऊ लागला. चांद सुलतानाच्या मागे गादीसाठी तंटा माजला. त्यात मध्यस्थीस आलेले रघूजी भोसले इ. स. १७४३ च्या सुमारास येथील खरे सत्ताधारी झाले. रघूजींच्या स्वाऱ्या बंगाल व ओरिसापर्यंत गेल्या आणि नागपूर हे मराठ्यांच्या एका बलाढ्य राज्याचे ठाणे बनले.

हे वैभव साठ वर्षे टिकले. इ. स. १८०३ च्या नोव्हेंबरात अकोल्याकडील अडगावच्या रणात दुसऱ्या रघूजींच्या फौजेचा पराभव झाला. पुढील महिन्यात देवगावचा तह होऊन कटक प्रांत इंग्रजांकडे व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख निजामाकडे गेला. ही गोष्ट शेतकऱ्याने विशेष ध्यानात ठेवावी. कारण वर्धेच्या अलीकडे नागपूर व पलीकडे वऱ्हाड असे जे दोन भाग पडले, त्यांची जमीनधाऱ्याची पद्धत पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ वेगळी राहिली. इ. स. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर अखेरचा मोठा संग्राम झाला. इ. स. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले व दुसऱ्या वर्षी लॉर्ड डलहौसी यांनी दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. त्याच १८५३ साली निजामानेही आपल्याकडील तैनाती फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला होता. येणेप्रमाणे वर्षभरातच वर्धेचे दोन्ही काठ एकाच सत्तेखाली आले. मात्र त्यांचा कारभार अद्याप एक झाला नव्हता.

इ. स. १८६१ मध्ये नागपूरचा मुलूख व उत्तरेकडील सागर-नर्मदा प्रांत जोडून मध्यप्रांत नावाचा नवा प्रांत निर्माण झाला व नागपूर त्याचे मुख्य ठिकाण ठरले. हाच सन दुसऱ्याही एका कारणाने आमच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. ते कारण समजण्यासाठी सातासमुद्रांपलीकडे पाहावे लागते.

अमेरिकेतील युद्ध व आमचा कापूस

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात जॉर्जिया नावाचे राज्य आहे. इ. स. १७९३ मध्ये एली व्हिटनी या गृहस्थाने त्या राज्यात राहत असतानाच सरकी व रुई वेगळी करण्याचे यंत्र तयार केले. आज आपण ज्यास जिन म्हणतो त्याचा एक पूर्वज तो हाच. यंत्रामुळे सरकी काढण्याचे काम स्वस्त झाले, परंतु पेरणी, निंदणी व वेचणी ही कामे हातानेच करावयाची राहिली. ती कामे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांच्या वंशजांकडून, त्यांस गुलाम ठेवून, करून घेतली जात. इ. स. १८६० च्या खानेसुमारीत जॉर्जियाच्या सुमारे साडेदहा लाख वस्तीपैकी साडेचार लाखांहून अधिक माणसे गुलाम होती. विलायतेच्या गिरण्यांस लागणाऱ्या कापसाच्या पाच हिश्शांपैकी जवळजवळ चार हिस्से ह्याच दक्षिणी राज्यांतून जात.

इ. स. १८६१ च्या जानेवारीत जॉर्जियाने संयुक्त संस्थानांतून फुटून निघण्याचा ठराव केला. एप्रिलमध्ये युद्ध पेटले व उत्तरेकडील सरकारने दक्षिणेची बंदरे अडवून धरली. लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या आणि विलायती व्यापाऱ्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाडची काळी जमीन व हिंगणघाटचा लांब धाग्याचा बनी कापूस यांचे नाव मुंबईच्या पेढ्यांवर दुमदुमू लागले. भाव तिप्पट-चौपट चढले. त्या दिवसांत काही शेतकऱ्यांनी आपल्या गाडीच्या चाकांस चांदीच्या धावा बसविल्या अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, पैसा अकल्पित आला एवढे निश्चित.

इ. स. १८६५ च्या वसंत ऋतूत अमेरिकेतील युद्ध संपले. ती बातमी येताच मुंबईच्या पेढ्या कोसळल्या व कापसाचा भाव उतरला. भाव चढला तेव्हा वऱ्हाडच्या शेतकऱ्याने काही विशेष केले नव्हते आणि भाव उतरला तेव्हाही त्याचा काही अपराध नव्हता. चढ व उतार ही दोन्ही त्याच्या बांधापासून हजारो कोसांवर ठरली. आमच्या मते वऱ्हाड-नागपूरच्या अर्थकारणाचा हा पहिला धडा आहे, व दीडशे वर्षांनंतरही तो जुना झालेला नाही.

आगगाडी, गिरणी व बाजार

भाव उतरला, तरी कापूस वाहून नेण्यासाठी केलेली सोय मागे राहिली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाडातून इ. स. १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. खामगावच्या मोठ्या कापूस बाजारास जोडणारा फाटा इ. स. १८७० मध्ये सुरू झाला. पूर्वी जो माल लमाणांच्या बैलांवरून महिनोगणती प्रवास करून मिर्झापूर अथवा मुंबईस जात असे, तो आता काही दिवसांत बंदरावर पोहोचू लागला. ठिकठिकाणी जिन व प्रेस उभे राहिले.

जमशेटजी टाटा यांनी ह्या परिस्थितीचा विचार निराळ्या प्रकारे केला. कापूस मुंबईस नेऊन कातण्यापेक्षा तो पिकतो तेथेच गिरणी का काढू नये, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा घेऊन ती भरून काढली व १ जानेवारी १८७७ रोजी तेथे एम्प्रेस मिल सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब धारण केला. त्यावरून गिरणीस ते नाव पडले. ह्या गिरणीने कित्येक पिढ्या नागपूरच्या हजारो कुटुंबांस अन्न दिले. पुढे ती तोट्यात जाऊन इ. स. १९८६ मध्ये सरकारच्या ताब्यात गेली व २००२ मध्ये कायमची बंद झाली. शेताजवळ गिरणी असावी हा टाटांचा विचार बरोबर होता. परंतु एका पिढीने उभारलेले यंत्र पुढच्या पिढ्यांनी नवे करीत राहिले पाहिजे, हेही तितकेच बरोबर आहे.

बाजाराच्या बाबतीत मात्र वऱ्हाडने साऱ्या देशास धडा घालून दिला. इ. स. १८८६ मध्ये कारंजा येथे हिंदुस्थानातील पहिला नियमबद्ध कापूस बाजार सुरू झाला व १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. वजनमाप, अडत व दलाली यांस प्रथमच कायद्याची वेसण पडली. आजच्या कृषि उत्पन्न बाजार समित्या ह्या त्याच बीजाचा विस्तार होत.

ह्या चित्रास काळी बाजूही आहे. कापसाने रोकड आली, पण ज्वारीचे क्षेत्र घटले व पेवे रिकामी राहू लागली. इ. स. १८९६-९७ व पुन्हा १८९९-१९०० मध्ये दुष्काळ पडला तेव्हा खिशात उरलेल्या रोकडीने पोट भरेना. त्याशिवाय अधिक रुई उतरते म्हणून आखूड धाग्याच्या रोझियम जातीची पेर वाढत गेली व हिंगणघाटचा नामांकित बनी कापूस मागे पडला. बाजार वजनास पैसे देत होता, गुणास देत नव्हता. मग शेतकऱ्याने तरी दुसरे काय करावे?

दोन धारापद्धती, एक प्रांत

वर्धेच्या अलीकडे, म्हणजे नागपूरकडील जिल्ह्यांत, इंग्रज सरकारने मालगुजारास गावाचा मालक ठरविले. शेतकरी त्यास लागवड देई व मालगुजार सरकारात भरणा करी. वर्धेच्या पलीकडे वऱ्हाडात रयतवारी होती व खातेदार आपला सारा स्वतःच भरीत असे. इ. स. १९०२ मध्ये निजामाशी नवा करार होऊन वऱ्हाड सालिना पंचवीस लाख रुपये खंडाने कायमच्या पट्ट्यावर घेण्यात आला व १९०३ मध्ये तो मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला. नागपूर हे आता मध्यप्रांत व वऱ्हाड ह्या मोठ्या प्रांताचे शासनस्थान झाले. त्यात नागपूरकडील तांदूळ, संत्री व मँगनीजच्या खाणी, वऱ्हाडचा कापूस, नर्मदाकाठचा गहू व छत्तीसगडचे धान, असा सर्व प्रकारचा माल होता. सरकारच्या उत्पन्नाची मोठी बाब मात्र एकच, व ती म्हणजे जमीनमहसूल. मालगुजारीचा अंत स्वराज्यात झाला. मध्यप्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्याने ते हक्क रद्द होऊन १९५१ पासून जमीन कसणाऱ्याचा व सरकारचा थेट संबंध आला.

राजधानीच्या इमारती

वऱ्हाड जोडला गेल्यावर राजधानीचा व्याप वाढला व सिव्हिल लाइन्स भागात सरकारी इमारती उठू लागल्या. आज विधानभवन म्हणून ओळखली जाणारी इमारत १९१२-१३ मधील आहे. हिंदुस्थानच्या मोजणीखात्याने १९०७ मध्ये उभारलेला शून्य मैलाचा दगडही तेथून जवळच आहे. प्रांताची पहिली कायदेकौन्सिल ऑगस्ट १९१४ मध्ये भरली. तीत लोकांचे प्रतिनिधी थोडे व सरकारचे अधिकारी अधिक होते. १९१९ च्या सुधारणांनी मताधिकार वाढला, परंतु खेड्यात तो मुख्यतः साऱ्याच्या अथवा मालमत्तेच्या रकमेवर अवलंबून होता. जो सारा देई तोच मतदार, व त्याचे नांगर धरणारा गडी मताबाहेर, अशी ती व्यवस्था होती.

तथापि ह्याच कौन्सिलाने एकदा साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षास येथे स्पष्ट बहुमत मिळाले. असे बहुमत त्यास दुसऱ्या कोणत्याही प्रांतात मिळाले नव्हते. अधिकाराच्या जागा न स्वीकारता त्या पक्षाने १९२४ मध्ये अंदाजपत्रक फेटाळले व मंत्र्यांचा पगार नाममात्र दोन रुपयांवर आणून ठेवला. द्विदल राज्यपद्धती पोकळ आहे हे दाखविण्याचा तो मार्ग होता. १९३५ च्या कायद्यानंतर ११२ सभासदांची विधानसभा आली. १९३७ मध्ये डॉ. ना. भा. खरे यांचे व पुढच्या वर्षी पंडित रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळ झाले. ह्याच सभेने १९३८ च्या ऑक्टोबरात महाविदर्भाचा वेगळा प्रांत करण्याचा ठराव मंजूर केला.

राजधानीची शेवटची मोठी इमारत म्हणजे उच्च न्यायालय होय. १९३६ मध्ये नागपुरास स्वतंत्र उच्च न्यायालय मिळाले. एच. ए. एन. मेड ह्या स्थापत्यकाराने आखलेल्या त्याच्या घुमटाच्या इमारतीचा कोनशिला-समारंभ जानेवारी १९३७ मध्ये व उद्घाटन जानेवारी १९४० मध्ये झाले. ज्यांनी ती बांधिली त्यांस नागपूर शेकडो वर्षे राजधानी राहील असेच वाटत असावे. प्रत्यक्षात ते पद त्यानंतर सतरा वर्षेसुद्धा राहिले नाही.

राजधानी गेली, इमारत राहिली

१९५० मध्ये प्रांताचे नाव मध्यप्रदेश झाले व राजधानी नागपूरच राहिली. परंतु भाषावार राज्यरचनेचा प्रश्न उभा ठाकला होता. सप्टेंबर १९५३ मध्ये पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ व मराठवाडा येथील पुढाऱ्यांत नागपूर करार झाला. सरकारने दरवर्षी काही ठराविक काळ नागपुरास यावे व विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन येथे भरवावे, हे त्यातील एक प्रमुख कलम होते. १९५५ मध्ये राज्यपुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली, पण ती मान्य झाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, मध्यप्रदेशची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरचे उच्च न्यायालय मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बनले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य निर्माण झाले. नागपूर उपराजधानी ठरले व त्याच वर्षापासून येथे अधिवेशन भरू लागले. त्या आठ जिल्ह्यांचे पुढे अकरा झाले.

ह्या घटनेचे गुणदोष सांगणारे दोन पक्ष आहेत व दोघांचेही म्हणणे ऐकण्याजोगे आहे. मराठी भाषिकांचे एक राज्य व्हावे ही इच्छा खरी होती व तीत विदर्भाचा वाटा होता. दुसऱ्या पक्षी, जेथे आपली दप्तरे बारमास होती तेथे ती पाहुण्यासारखी येऊ लागली, हेही खरे. यवतमाळच्या अथवा गडचिरोलीच्या शेतकऱ्यास मंत्रालयात काम पडले तर मुंबईचा प्रवास करावा लागतो. समतोल विकासाचा हिशेब मांडण्यासाठी नेमलेल्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये अहवाल देऊन सिंचनादी बाबतींतील अनुशेष आकड्यांनी दाखविला. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली. त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. २०२० व २०२१ ह्या दोन वर्षी महामारीमुळे नागपूरचे अधिवेशनही मुंबईसच झाले.

जॉर्जियाने काय केले

राजधानी हलणे ही गोष्ट केवळ आमच्याच वाट्यास आली असे नाही. ज्या जॉर्जियाच्या युद्धाने आमचा कापूस जगाच्या बाजारात आणला, तेथेही हेच घडले. तेथील जुनी राजधानी मिलेजव्हिल होती. युद्धानंतर, १८६८ मध्ये, रेल्वेचे जंक्शन असलेल्या अटलांटा शहरात ती नेण्यात आली व १८८९ मध्ये तेथे घुमटाचे नवे राज्यगृह पुरे झाले. मिलेजव्हिलचे जुने राज्यगृह पाडण्यात आले नाही; तेथे विद्यालय सुरू झाले व ते आजही तेथेच आहे. इमारत रिकामी पडण्यापेक्षा विद्येच्या कामी येणे केव्हाही बरे.

परंतु आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट त्या राज्याच्या शेतीची आहे. युद्धाने गुलामगिरी गेली, तरी एकट्या कापसावरची भिस्त गेली नाही. अर्धेलीने जमीन कसणारा शेतकरी, मग तो काळा असो वा गोरा, दुकानदाराच्या उधारीत बुडालेला असे, व दुकानदार उधार देई ते कापूस पेरण्याच्या अटीवरच. १९१५ च्या सुमारास बोंडे पोखरणारा सोंड्या किडा तेथे पोहोचला व दहा वर्षांच्या आत कापसाचे क्षेत्र निम्म्यावर आले. असंख्य कुटुंबांनी गाव सोडले. जे राहिले त्यांनी हळूहळू भुईमूग, पेकन नावाचे अक्रोडासारखे फळ व कोंबड्यांचे पालन यांकडे मोर्चा वळविला. आज जॉर्जिया भुईमुगात साऱ्या अमेरिकेत पहिला आहे. शेजारच्या अलाबामा राज्यातील एंटरप्राइज ह्या गावी तर लोकांनी १९१९ मध्ये त्या किड्याचेच स्मारक उभारले. कारण त्याने त्यांस एका पिकाच्या दास्यातून सोडविले. जॉर्जियातही कापूस नाहीसा झाला नाही. किड्याचा सामुदायिक बंदोबस्त झाल्यावर तो पुन्हा वाढला. मात्र आता तो अनेक पिकांपैकी एक आहे.

आमच्याकडे बोंडअळीने तसाच घाला २०१७ मध्ये घातला. २००२ मध्ये आलेल्या बीटी बियाण्यास गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली व हातचे पीक गेले. त्या वर्षीच्या हिवाळी अधिवेशनात भरपाईची घोषणा झाली. भरपाई हवीच होती. परंतु भरपाई म्हणजे पीकपद्धती नव्हे, हेही विसरता कामा नये.

त्या घराने आम्हांस काय दिले

विधानभवनाच्या दारी गेलेला शेतकरी नेहमीच रिकाम्या हाताने परतला असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९७१ च्या कायद्यान्वये १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली व तीस वर्षे ती ह्या ना त्या रूपाने चालली. तिने पडत्या भावात आधार दिला. चुकारे लांबणे, प्रतवारीचे तंटे व वाढता तोटा ही तिची दुसरी बाजू होय. २००६ च्या जुलैत पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा ह्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. ती जाहीर करण्याची वेळ का आली हे वाचकांस सांगावयास नको. ज्या घरांतील कर्ते पुरुष कर्जापायी गेले ती घरे आपल्याच गावांत आहेत.

आणि एक दिवस तर त्या घराच्या दारी कायमचा कोरला गेला आहे. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अनुसूचित जमातीच्या सवलतींची मागणी घेऊन आलेल्या गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे मृत्यू पावली. त्यांत स्त्रिया व मुलेही होती. गोवारी हे आमच्या गावांची गुरे राखणारे लोक. आज सीताबर्डीजवळ त्यांचे स्मारक आहे. विधानभवनाकडे जाणाऱ्याने तेथे क्षणभर थांबावे. दाद मागावयास आलेला मनुष्य दारापर्यंत सुखरूप पोहोचलाच पाहिजे व त्याचे म्हणणे कोणीतरी बाहेर येऊन ऐकलेच पाहिजे, एवढी तरी व्यवस्था राज्याकडून मागण्याचा हक्क त्या ११४ जणांनी आपणांस दिला आहे.

आपण काय करावे

इतका इतिहास सांगण्याचे तात्पर्य हे की, नागपूरची राजधानी, तिची आगगाडी व तिची गिरणी ही मुख्यतः कापसाने व शेतसाऱ्याने उभी केली. परंतु त्या कापसाचा भाव आणि त्या राजधानीचे भवितव्य ही दोन्ही शेतकऱ्याच्या हाताबाहेर ठरत आली. भाव पूर्णपणे आपल्या हाती येईल असे आश्वासन कोणी देऊ नये. पण तीन गोष्टी निश्चित आपल्या हाती आहेत.

पहिली गोष्ट, अधिवेशनाची तयारी अधिवेशनात करू नये. आमदारांस तारांकित प्रश्नाची सूचना पुष्कळ दिवस अगोदर द्यावी लागते. म्हणून तालुक्याच्या शेतकऱ्यांनी दिवाळीपूर्वीच एकत्र बसून आपले दोन-तीन मोजके प्रश्न, गावांची नावे, क्षेत्र व नुकसान यांच्या आकड्यांसह लिहून काढावेत व ते आपल्या आमदारांच्या हाती द्यावेत. राज्याचे मुख्य अंदाजपत्रक मुंबईत मांडले जाते हे खरे, परंतु हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात. त्यांत आपल्या कालव्यास व खरेदी केंद्रास काय मिळाले, हे वाचून पाहावे. मोर्च्याने लक्ष वेधले जाते. काम मात्र कागदावरील आकड्याने होते.

दुसरी गोष्ट, गुणास पैसे मागावेत. बनी कापूस मागे पडला तो बाजाराने गुण ओळखला नाही म्हणून. गावातील शेतकऱ्यांनी एकच वाण पेरून, पहिल्या वेच्याचा स्वच्छ माल वेगळा ठेवून, तो एकत्र पिंजून गाठी केल्यास धाग्याची लांबी दाखवून भाव मागता येतो. नागपुरास १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्यास १९६९ पासून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. ह्या संस्था आपल्याच आहेत व तेथे जाऊन विचारणे यात संकोच नसावा.

तिसरी गोष्ट, एका पिकावर सारे घर टाकू नये. कापसात तुरीच्या ओळी ही आपल्या आजोबांची रीत शहाणपणाचीच होती. घरापुरती ज्वारी, थोडी गुरे, पाणी असेल तेथे संत्र्याची बाग, असा संसार वाटून टाकलेला शेतकरी १८६५ सारख्या अथवा २०१७ सारख्या वर्षी वाकतो, पण मोडत नाही. जॉर्जियास हे किड्याने शिकविले; आपण ते किड्याची वाट न पाहता शिकावे.

पुढील डिसेंबरात विधानभवनाच्या समोरून जाण्याचा प्रसंग आल्यास त्या इमारतीकडे परक्याचे घर म्हणून पाहू नये. कापूस वेचणाऱ्या बाया, साराभरणा करणारे खातेदार व गुरे राखणारे गोवारी यांच्या श्रमावर ज्या राज्याचा संसार चालला, त्याचे ते घर आहे. तेथे जाताना याचकाप्रमाणे जाऊ नये. आपल्या मालाचा व आपल्या मागणीचा हिशेब हातात घेऊन, घरच्या माणसाप्रमाणे जावे.